वाळूत वाचलेलं द्राक्ष आणि आमच्या विहिरीवरची भोकरी

(या आठवड्याच्या भागाचा हा मजकूर, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलतानाची अडखळ तेवढी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

  हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जायचंय. पोर्तुगालला. आणि विषय आहे द्राक्षं आणि वाइन. पण तुम्ही आधी कधी नाव ऐकलं नसेल अशी द्राक्षं.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. आजच्या भागात वाइनबद्दल बोलणार आहे, म्हणजे "प्या" असं सांगतेय असं नाही. ज्यांचं कायद्याने वय झालेलं नाही त्यांनी गोष्ट ऐका, भूगोल ऐका, बस. आणि जे घेत नाहीत त्यांना तर हा भाग जास्तच आवडेल, कारण मी स्वतः त्यांच्यातलीच होते.

म्हणजे बघा, मी निफाड तालुक्यातली. द्राक्षबागायतदाराची मुलगी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डाऊनी, भुरी, व्यापाऱ्याचा फोन आला का नाही, हे ऐकत मोठी झाले. पण वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत मी वाइनचा एक घोट घेतलेला नव्हता. तात्या, म्हणजे माझे आजोबा, माळकरी. दरवर्षी वारी. द्राक्ष म्हणजे खायचं, नाहीतर बेदाणा करायचा. त्याचं आणखी काही होतं हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. नाशिकच्या आजूबाजूला वायनरी झाल्या, पर्यटक यायला लागले, तरी आमच्या घरात ते सगळं "तिकडचं" होतं.

मग पुण्यात नोकरी लागली आणि कंपनीने तीन महिन्यांसाठी लिस्बनला पाठवलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर. तिथून ही गोष्ट सुरू होते.

कुठली जात?

पहिल्या आठवड्यात ऑफिसातली मंडळी जेवायला घेऊन गेली. छोटीशी खानावळ, कागदाचे टेबलक्लॉथ, भिंतीवर टीव्ही चालू. मी पाणी मागवलं. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला कळलं की माझ्या वडिलांची द्राक्षबाग आहे. त्याचे डोळेच चमकले. त्याने विचारलं, "कुठली कास्ता?"

मी दचकले. म्हटलं, हा जात का विचारतोय?

तर मंडळी, पोर्तुगीजमध्ये द्राक्षाच्या वाणाला "कास्ता" म्हणतात. वाइनच्या बाटलीवर मागच्या बाजूला छापलेलं असतं, कास्ताश, म्हणजे अमुक अमुक द्राक्षं. आणि इंग्रजीतला "कास्ट" हा शब्द याच "कास्ता"वरून आलाय. पोर्तुगीज आपल्याकडे आले, त्यांनी आपल्या समाजातल्या भिंती पाहिल्या आणि त्याला हा शब्द लावला. त्यांच्याकडे तो शब्द आज निवांतपणे बाटलीवर बसलाय. आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. आणि गंमत म्हणजे आपण मराठीतसुद्धा "द्राक्षाची जात"च म्हणतो.

तर कुठली कास्ता? मी सांगितलं, थॉमसन सीडलेस. आणि त्यातूनच निवडून काढलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. म्हणजे नावं चार, पण मूळ एकच. बिनबियांचं, लांबट, गोड, एक्सपोर्टला चालणारं.

तो म्हणाला, "बस? एवढंच?"

आणि मग तो सुरू झाला. पोर्तुगाल हा महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही लहान देश. पण तिथल्या स्थानिक द्राक्षांच्या जाती अडीचशेच्या वर. आणि नावं तर अशी की मी हसून हसून दमले. एका द्राक्षाचं नाव "राबो द ओवेल्या", म्हणजे मेंढीची शेपटी, कारण घड तसा दिसतो. एकाचं नाव "बोरादो दश मोश्कश", म्हणजे सभ्य भाषेत सांगायचं तर माश्यांनी घाण केलेलं, कारण पिकल्यावर मण्यावर बारीक ठिपके येतात. आणि एकाचं "एश्गाना कांव", म्हणजे कुत्र्याचा गळा आवळणारं! इतकं आंबट. हे शेतकऱ्यांनीच ठेवलेलं नाव असणार, हे सांगायला कुणी पंडित नको. आपल्याकडे कोंबडीच्या जाती, भाताच्या जाती यांना अशीच नावं असतात की.

त्या दिवशी मी पहिला घोट घेतला. खरं सांगते, आवडला नाही. तुरट. म्हटलं, यासाठी एवढं? पण डोक्यात किडा घुसला. अडीचशे जाती टिकल्या कशा? आमच्याकडे एकच का?

वाळूतली बाग

त्याच सहकाऱ्याने सांगितलं, लिस्बनपासून जवळ कोलारेश नावाचं गाव आहे, तिथे जा. द्राक्षवाल्याची मुलगी आहेस, तुला कळेल.

कसं जायचं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. लिस्बनच्या रोसियू स्टेशनवरून सिंत्राची लोकल पकडायची. साधारण चाळीस मिनिटं. सिंत्राला राजवाडे बघायला जगभरची गर्दी उतरते. तुम्ही त्या गर्दीतून बाहेर पडायचं आणि समुद्राकडे जाणारी बस घ्यायची. पुढे काबो द रोका आहे, युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेकडचं टोक. कोलारेश त्याच्या अलीकडे.

सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. मी बाग शोधत होते आणि मला बाग दिसेचना. कारण माझ्या डोक्यात बाग म्हणजे मांडव. लोखंडी अँगल, तारा, माणूस खालून उभा चालतो, डोक्यावर घड लोंबतात. इथे समोर होती वाळू. समुद्रकिनाऱ्यावर असते तशी वाळू आणि बोरूच्या काड्यांची कुंपणं, छोटे छोटे चौकोन केलेले. अटलांटिकवरून असा वारा येत होता की ओढणी धरून ठेवावी लागली. आणि त्या कुंपणांच्या आत, जमिनीवर, वेल चक्क झोपलेले! साप पसरलेला असावा तसं खोड वाळूवर आडवं. घड वाळूला टेकून भाजू नयेत म्हणून खाली छोट्या छोट्या काठ्यांचे टेकू दिलेले. मध्ये मध्ये सफरचंदाची झाडं.

हे द्राक्ष म्हणजे रामिश्को. लहान मणी, काळं, जाड सालीचं.

एक वयस्कर काका तिथे टेकू सरळ करत होते. त्यांना इंग्रजी तोडकं, मला पोर्तुगीज शून्य. मी मोबाइलवर अप्पांच्या बागेचे फोटो दाखवले. मांडव बघून ते म्हणाले, "ओ, उंच!" मग ते खाली बसले आणि हाताने वाळू उकरायला लागले. उकरता उकरता मला खुणेने सांगत होते, अजून खाली, अजून खाली.

त्याचा अर्थ मला नंतर वायनरीत नीट समजावून सांगितला गेला. तो असा. ही वाळू वरवरची आहे. खाली, कुठे दोन-तीन मीटरवर, कुठे त्याहून बरंच खोल, चिकणमाती आहे. वेल लावायचा तर आधी ती सगळी वाळू उपसून चर खणायचा, चिकणमातीपर्यंत पोचायचं, तिथे काडी लावायची. मग वेल वाढेल तशी वाळू हळूहळू परत आत ढकलायची. यात काही वर्षं जातात. आणि वाळूचा चर कधीही ढासळू शकतो. पूर्वी खणणारी माणसं डोक्यावर टोपली घालून चरात उतरायची म्हणे, म्हणजे वाळू अंगावर आलीच तर वरचे लोक पोचेपर्यंत टोपलीतली हवा श्वासाला पुरावी.

एवढा जीव धोक्यात घालून वाळूत का लावायचं? सुरुवातीला कारण साधं होतं. जमीन तीच होती. पण १८६० नंतर एक वेगळंच कारण मिळालं.

किड्याने हात टेकले

आता जरा दोन मिनिटं शाळा. अमेरिकेतून एक किडा युरोपात आला. फिलॉक्सेरा. मावा असतो ना, त्याच्या जवळच्या नात्यातला. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा. तो द्राक्षाच्या मुळातला रस शोषतो, मुळं सडतात, वेल मरतो. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये बागा वाळायला लागल्या आणि कुणाला कळेना काय होतंय. पुढच्या काही दशकांत युरोपातल्या बागांच्या बागा गेल्या. पोर्तुगालमध्येही तेच.

उपाय शेवटी कुठून आला? अमेरिकेतूनच. तिथल्या जंगली द्राक्षांची मुळं या किड्याला दाद देत नाहीत. मग खाली अमेरिकन मूळ आणि वर युरोपचं द्राक्ष असं कलम करायला लागले. आज युरोपातले बहुतेक सगळे वेल असेच उभे आहेत. परक्या पायांवर.

आता हे ऐकल्यावर मला हसू आलं, कारण आमच्या बागेतही तेच. निफाडपासून सांगलीपर्यंत कुठल्याही बागायतदाराला विचारा, रूटस्टॉक कुठला? तो म्हणेल, डॉगरीज. तोही मूळचा अमेरिकन. आपण तो किड्यासाठी नाही घेतला, पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसतो म्हणून घेतला. पण अप्पांच्या थॉमसनची मुळं अमेरिकेची आणि पॅरिसजवळच्या एखाद्या बागेची मुळंही अमेरिकेची. मला ही गोष्ट फार भारी वाटली.

आणि रामिश्को? त्याला कलमाची गरजच पडली नाही. कारण तो किडा वाळूतून पुढे सरकू शकत नाही. वाळू सरकते, त्याची वाट बुजते. सगळा देश वाळत होता तेव्हा कोलारेशची बाग हिरवी होती. स्वतःच्या मुळांवर. आजही वाळूतला रामिश्को कलम न करताच लावतात.

मग काय, कोलारेशचे सुगीचे दिवस आले. दुसरीकडे वाइन नाही आणि यांच्याकडे आहे. मागणी एवढी की नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून १९०८ मध्ये सरकारने या भागाची हद्दच आखून दिली. १९३१ मध्ये गावकऱ्यांनी मिळून सहकारी वायनरी काढली, अदेगा रेजिओनाल द कोलारेश. ती आजही चालू आहे. मी आत गेले तर उंच छताचा हॉल, थंडगार अंधार, दोन्ही बाजूंना मोठाली लाकडी पिंपं. आणि "पिंप" हा आपला शब्द पोर्तुगीज "पिपा"वरून आलाय, हे मला तिथे, पिंपासमोर उभी असताना कळलं! घमेलं, चावी, पगार हेही तिकडूनच. मी सहकारी साखर कारखान्याच्या मुलखातली पोरगी, मला तो हॉल ओळखीचा वाटला. फक्त मळीचा वास नव्हता.

तिथे रामिश्को चाखली. पहिल्या घोटाला तोंड आवळून आलं. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं ना, तसं. रंग फिका, आंबटपणा टोकाचा. वाढणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, ही तरुण वाइन नाही, हिला थांबावं लागतं, वर्षानुवर्षं. मग त्यांनी जुन्या सालातली थोडीशी दिली. तीच तुरट बाई, पण आता बसून बोलणारी. वाळलेल्या चेरीसारखं काहीतरी, ओल्या मातीसारखं काहीतरी आणि शेवटी जिभेवर किंचित मीठ. मला वर्णन करता येत नाही नीट, आणि मी सोमेलियरचा आव आणणार नाही. पण तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हे द्राक्ष आहे. म्हणजे कुठल्या तरी जागेचं द्राक्ष आहे.

मी विचारलं, आता किती बाग उरली आहे?

त्या म्हणाल्या, एके काळी हजार हेक्टरच्या वर होती. आता काही डझन हेक्टर.

मी म्हटलं, पण किड्याने तर हात टेकले होते! मग काय झालं?

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर बंगले. पांढऱ्या भिंती, निळे पट्टे, स्विमिंग पूल. समुद्र जवळ, लिस्बन जवळ. वाळूच्या त्या चौकोनाला वाइन जेवढे पैसे देते, त्याच्या कितीतरी पट घराचा प्लॉट देतो. किड्याला जे जमलं नाही ते प्लॉटिंगने केलं.

मंडळी, नाशिकहून पिंपळगावच्या रस्त्याने गेला असाल तर मला पुढे काही सांगायची गरज नाही. "एन. ए. प्लॉट, हप्त्याने मिळेल."

फोन

त्या संध्याकाळी सिंत्राच्या स्टेशनवर बसून मी घरी फोन लावला. भारतात रात्र झालेली. अप्पांनी उचलला.

"काय गं, जेवली का?"

"जेवले. अप्पा, तुम्ही कुठपर्यंत आलात?"

"छाटणीचं बघतोय. मजूर मिळंना. तू सांग."

मी त्यांना वाळूतल्या बागेचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. एकदाच विचारलं, "एकरी माल किती निघतो?" मी म्हटलं, फार कमी. ते म्हणाले, "मग कसं परवडतं त्यांना?" मी म्हटलं, परवडत नाहीच. ते गप्प झाले.

मग मी विचारलं. खरं तर हेच विचारायला फोन केला होता. "अप्पा, विहिरीजवळची भोकरी आहे ना अजून?"

तुम्हाला भोकरी माहीत नसणार. थॉमसन येण्याच्या आधी आपल्याकडे ज्या जाती होत्या ना, भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, त्यातली ही एक. हिरवट-पिवळा गोल मणी, जाड साल, आत तीन-चार बिया. बाजारातून ती केव्हाच गेली. बिया कोण थुंकत बसणार? पण तात्यांनी विहिरीच्या कठड्याजवळ दोन वेल ठेवले होते. व्यापाऱ्यासाठी नाही, घरच्यासाठी. आम्ही पोरं उन्हाळ्यात त्याखाली बसायचो. बिया कुणाच्या लांब जातात याची शर्यत लावायचो. तात्या म्हणायचे, थॉमसन गोड आहे, पण भोकरीला चव आहे. मी तेव्हा म्हणायचे, तात्या, दोन्ही एकच ना?

अप्पा म्हणाले, "ती होय? ती काढली की. गेल्या उन्हाळ्यात. ट्रॅक्टर वळायला जागा नव्हती."

मी म्हटलं, "मला सांगितलं नाही कुणी."

"अगं, त्यात काय सांगायचं?"

आणि खरंच, त्यात काय सांगायचं? मी वर्षातून दोनदा घरी जाणार, मोबाइलवर फोटो काढणार आणि परत येणार. बाग त्यांनी सांभाळायची, कर्ज त्यांनी फेडायचं, ट्रॅक्टर त्यांनी वळवायचा. मला रागवायचा हक्क नव्हता. तरी लोकलमध्ये मी रडले. शेजारच्या पर्यटक काकू मला टिश्यू द्यायला लागल्या.

रांजणातली वाइन

नोव्हेंबरमध्ये तोच सहकारी म्हणाला, चल, आमच्या आजीच्या गावाला. विदिगैरा. दक्षिणेला अलेंतेजो नावाचा प्रांत आहे, तिथे. सपाट, कोरडा, ऑलिव्ह आणि गहू. आपल्या मराठवाड्याची आठवण यावी असा.

विदिगैराचं नाव भारतीयांनी ऐकलेलं असायला हवं खरं तर. वास्को द गामाला राजाने १५१९ मध्ये विदिगैराचा काउंट केलं होतं. तो १५२४ मध्ये कोचीला वारला आणि पुढे त्याचे अवशेष या गावी आणले. १८८० मध्ये ते लिस्बनला हलवेपर्यंत तो इथेच होता. गोव्यात वास्कोला उतरणारे आपण, आणि त्याचं गाव कुठे हे मला माहीत नव्हतं. चौकात त्याचा पुतळा आहे. मी फोटो काढला नाही. मला तिथे काय वाटायला हवं हेच कळेना.

पण आम्ही गेलो होतो शेजारच्या व्हिला द फ्रादेशला. तारीख ११ नोव्हेंबर. संत मार्टिनचा दिवस.

तिथे एका घराच्या तळमजल्यावर नेलं आणि मी दारातच थांबले. रांजण! माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण, भिंतीला टेकून ओळीने उभे. त्यांना "ताल्या" म्हणतात. काहींत हजार लिटरच्या वर माल मावतो. रोमन लोकांच्या काळापासून इथे अशी वाइन करतात, म्हणजे दोन हजार वर्षं. गावाबाहेर रोमन वाड्याचे अवशेषही आहेत.

पद्धत इतकी साधी की माझी आजीसुद्धा करेल. अर्थात करणार नाही! रांजणाला आतून पाइनच्या झाडाच्या राळेचा लेप द्यायचा, नाहीतर माती पाझरते. द्राक्षं चुरडायची आणि सालीबियांसकट रांजणात भरायची. बाहेरून यीस्ट वगैरे काही नाही, सालीवर असतं ते पुरतं. ती फसफसायला लागते. साली वर येऊन त्यांचं झाकण तयार होतं. ते दिवसातून काही वेळा लाकडी दांड्याने खाली दाबायचं. विसरलात तर आतला वायू कोंडून रांजण फुटू शकतो. मग उकळी शांत झाली की साली आपोआप तळाशी बसतात. वर कधी कधी ऑलिव्ह तेलाचा थर देतात, हवा लागू नये म्हणून. आपण लोणच्यावर देतो तसा!

आणि संत मार्टिनच्या दिवशी रांजणाच्या तळाजवळच्या भोकात लाकडी नळ ठोकायचा. वाइन तळाच्या सालींमधून गाळत गाळत बाहेर येते. पहिली गढूळ येते, ती परत वर ओतायची. मग हळूहळू स्वच्छ. गाळणी वेगळी नाहीच. द्राक्षच द्राक्षाला गाळतं.

२०१० पासून या वाइनला सरकारी मान्यतेचं नाव मिळालं आहे आणि त्यात अट आहे की ११ नोव्हेंबरपर्यंत द्राक्षं सालींसकट रांजणातच राहिली पाहिजेत. सणाचा दिवस थेट नियमात!

वाइन कशी होती? पांढऱ्या द्राक्षांची, पण रंग मधासारखा. चव, म्हणजे किंचित तुरट, सुक्या जर्दाळूसारखी, मागे मातीचा गंध. बरोबर भाजलेले चेस्टनट, पाव, ऑलिव्ह. आजूबाजूला शेतकरी, ट्रकवाले, कॉलेजची पोरं. कुणी ग्लास फिरवून वास घेत नव्हतं. जो तो जोरजोरात बोलत होता. लग्नघरासारखा गोंधळ.

मी सहकाऱ्याच्या आजीला विचारलं, यात कुठली कास्ता आहे?

तो भाषांतर करत होता. आजी म्हणाल्या, आंतांव वाझ आहे. थोडं मांतेऊदो. थोडं दियागाल्वेश. मेंढीची शेपटीपण असेल. आणि एक दोन वेल असे आहेत की नाव माहीत नाही, सासऱ्यांनी लावले होते.

"नाव माहीत नाही, मग ठेवले का?"

आजींना प्रश्नच कळला नाही. त्याने दोनदा विचारला. मग त्या म्हणाल्या, "रांजण भरायचा असतो ना."

तीन महिने मी जो प्रश्न घेऊन फिरत होते, अडीचशे जाती टिकल्या कशा, त्याचं उत्तर हे होतं. कुणी संग्रहालय म्हणून नाही टिकवल्या. एका रांजणात सगळं चालतं. आंबट असेल ते आंबटपणा देतं, गोड असेल ते गोडी, रसाळ असेल ते माप भरतं. प्रत्येकाला काहीतरी काम होतं म्हणून ठेवलं. आमच्याकडे व्यापारी एकच माप घेऊन येतो. इतक्या मिलिमीटरचा मणी, इतकी साखर, बी नको. त्या मापात भोकरीला काम नव्हतं. तात्या होते तोवर तिला एक काम होतं, आम्हा पोरांचं तोंड चालू ठेवायचं. तात्या गेले, आम्ही पुण्याला आलो. अप्पांनी तिला मागच्या उन्हाळ्यात काढलं खरं, पण तिचं काम संपवलं आम्ही.

परत आल्यावर

डिसेंबरात घरी गेले. अप्पांसाठी कोलारेशची बाटली आणली नाही. माळ त्यांच्याही गळ्यात आहे. त्यांना वाळूतल्या वेलांचे फोटो दाखवले. ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत होते. म्हणाले, "टेकू चांगले दिलेत."

मग दोन दिवसांनी, मी काही न म्हणता, तेच म्हणाले की तिकडे वस्तीवर एकांच्या गोठ्यामागे जुना वेल आहे, बहुतेक भोकरीच, चल बघू. गेलो. गोठ्यावर चढलेला, छाटणी कधी झाली देव जाणे. त्या घरच्या मावशी म्हणाल्या, न्या की काड्या, आम्हाला सावलीपुरता आहे तो. अप्पांनी पाच काड्या निवडून घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या.

पाचपैकी तीन सुकल्या. दोन फुटल्या आहेत. परवा अप्पांनी फोटो पाठवला. पिशवीत दोन रोपं, चार-चार पानं. ती भोकरीच आहे का, हे फळ येईपर्यंत कळणार नाही. लावायची कुठे, यावर अजून एकमत नाही. विहिरीजवळ आता ट्रॅक्टर वळतो.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. युरोपात फिरायला गेलात तर माझा एक सल्ला. दुकानात जाऊन नावाजलेली बाटली मागू नका. गावातल्या खानावळीत विचारा, इथली कास्ता कुठली? नाव पाठ नाही झालं तरी चालेल. आणि पीत नसाल तर पिकलेलं द्राक्ष मागा. कुणी नाही म्हणत नाही.

आणि एक काम. तुमच्या गावी, आजोळी, परसात, गोठ्यामागे जुना द्राक्षाचा वेल असेल, बियांचा, नाव माहीत नसलेला, तर एक फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कुठला? जे सांगतील ते व्हॉइस नोट करून आपल्या पॉडकास्टच्या नंबरवर पाठवा. पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. आणि काढायचा असेल तर काढायच्या आधी कुणाला तरी सांगा.

भेटू पुढच्या शुक्रवारी. काळजी घ्या. बाय!